अमूर्त चित्र आणि घरची भिंत



मुरबाड तालुक्यातील एका शाळेच्या गुरुजींचे पत्र माझ्यासमोर आहे. सातवीच्या मुलांना घेऊन ते मुंबई दाखवायला गेले होते. राणीचा बाग झाला, वस्तुसंग्रहालय झाले, आणि तेवढ्यात पावसाची सर आली म्हणून सगळी मंडळी शेजारच्या जहांगीर कलादालनात शिरली. गुरुजी लिहितात, "आत चित्रे होती, पण त्यांत काढलेले असे काही नव्हते. एका मोठ्या चौकटीत नुसता पिवळा रंग आणि मध्ये दोनचार काळसर डाग. मुलांनी विचारले, गुरुजी, हे काय आहे? मी समजल्यासारखी मान हलविली आणि 'पुढे चला' म्हणालो. पण ते मनातून जात नाही. हा काय प्रकार आहे? ही लोकांची फसवणूक तर नव्हे? आणि असली चित्रे घरात लावणारी माणसे त्यांच्याकडे पाहून करतात तरी काय?"

तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. मी चित्रकार नव्हे. कल्याणच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहतो. मात्र असले एक चित्र, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच, गेली अकरा वर्षे आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. त्याच्याशी माझे भांडण झालेले आहे आणि समेटही झालेला आहे. तेव्हा इतिहासाच्या माणसाला आणि एका चित्राच्या घरमालकाला जेवढे सांगता येईल तेवढे सांगतो.

गुरुजींचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो घराचा आहे. घराच्या भिंतीवर हाताने काढलेले, छापील नव्हे असे मूळ चित्र असणे ही श्रीमंतांची चैन, असे आपण धरून चालतो. इतिहासाचा दाखला मात्र वेगळा आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ठाणे जिल्हा म्हणजे जुना, अखंड जिल्हा बरं का; १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके त्यात गेले. या तालुक्यांतील वारली घरांत लग्न निघाले की आतली कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करून, त्या काडीने चौक लिहायचा. हे काम सवाशिणींचे. चौकाच्या मधोमध पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, जनावरे. धवलेरी गाणी म्हणणार, आणि या चौकाखेरीज लग्न लागायचे नाही.

पुढे या चित्राचे काय व्हायचे? काही नाही. चुलीचा धूर बसायचा, पावसाळ्यात ओल यायची, आणि एक दिवस नव्या सारवणाखाली ते नाहीसे व्हायचे. पुढल्या लग्नाला पुन्हा नवी भिंत आणि नवा चौक. ज्या घरात दुसऱ्या वेळच्या भाकरीची पंचाईत, त्या घरात मूळ चित्र होते! घरातली माणसे त्याच्यासमोर झोपत, उठत, भांडत. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. ते चित्र कोणी कौतुकाने 'पाहत'ही नसेल कदाचित, पण त्याच्या सोबतीने घर राहत होते.

आपल्या इतर घरांतही थोड्याफार फरकाने हेच होते. चैत्रात अंगणात चैत्रांगण, नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर चंदनाने काढलेला नाग, रोज सकाळी उंबऱ्याशी चार ठिपके. मग छापील कागद आला. आगगाडी ठाण्याला १८५३ साली पोहोचली, कल्याणला १८५४ साली; आणि १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. गाडीने गावोगाव माल जाऊ लागला होताच, त्यात लक्ष्मी आणि सरस्वतीही जाऊ लागल्या. या छापील चित्रांना मी नावे ठेवणार नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नव्हते, त्यांच्या घरात देव प्रथम आला तो या कागदावर बसून. हा उपकार लहान नव्हे. पुढे वाण्याच्या दुकानातली दिनदर्शिका आली, श्रावणातला जिवतीचा कागद छापील झाला, आणि भिंतीला खिळा ठोकला की चित्राचे काम संपले.

पण या छापील चित्राने आपल्या डोळ्यांना एक सवय लावली. चित्र दिसले की आपण ते ओळखतो. ही लक्ष्मी, हा गजेंद्रमोक्ष, हे शिवाजी महाराज. ओळख पटली की डोळा पुढे जातो. वर्षभर दिनदर्शिका भिंतीवर असते, पण तिच्यावरच्या बाईच्या साडीचा रंग विचारा, घरात एकालाही सांगता यायचा नाही. गुरुजींची मुले त्या पिवळ्या चित्रासमोर अडली, ती ओळखण्यासारखे काही सापडले नाही म्हणून.

आणि गंमत अशी, की बिनआकाराच्या वस्तूसमोर उभे राहणे आपल्याला नवे नाही. गावाच्या शिवेवरचा म्हसोबा बघा. मूर्ती आहे का? नाही. तांदळा आहे, म्हणजे न घडविलेला दगड. नाक नाही, डोळे नाहीत. पिढ्यान् पिढ्या शेंदूर आणि तेल यांचे थर चढून त्याला एक गुळगुळीत, फुगीर रूप आलेले असते. 'हे काय आहे?' असे कोणी त्याला विचारत नाही. येता जाता माणूस क्षणभर थांबतो, एवढेच. थरावर थर चढत जाणे आणि समोर क्षणभर थांबणे, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण आता मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या चित्रकाराचे काम बरेचसे या दोन गोष्टींवर चालले होते.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. घराणे गोव्याचे, वाढले ते मुंबईत, गिरगावच्या चाळीत. सर जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली ते पदविका घेऊन बाहेर पडले. ही शाळा १८५७ सालची, बोरीबंदर स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. आपल्या कल्याण-ठाण्याकडची चित्रकलेची हौशी मुले गाडी पकडून तिथे जात आली आहेत. वारली चित्रे भिंतीवरून कागदावर यावीत म्हणून १९७० नंतर गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यापर्यंत जे पोहोचले, ते भास्कर कुलकर्णी याच शाळेत शिकलेले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. तो इतिहास एका वेगळ्या भाषणाचा आहे. इथे एवढेच, की चौकाची भिंत आणि जे. जे.चे वर्ग यांच्यामध्ये आपल्याला वाटते तेवढे अंतर नाही.

गायतोंडे यांनी आरंभी आकृत्याच काढल्या. माणसे, बायका, पक्षी. जैन पोथ्यांतील चित्रे आणि पहाडी लघुचित्रे त्यांनी बारकाईने अभ्यासली. त्यांची रेघ आणि सपाट, भरघोस रंग त्यांनी उचलले. पॉल क्ले या युरोपातल्या चित्रकाराचाही त्यांच्यावर परिणाम झाला. ज्याला हातपाय काढता येत नाहीत तो अमूर्ताकडे वळतो, असे पुष्कळांना वाटते. गायतोंडे यांच्या बाबतीत तरी ते अगदी चूक आहे. त्यांना ते येत होते. त्यांनी ते हळूहळू सोडले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून आकृती जवळपास गेली. १९५७ साली टोकियो येथे तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्या काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या नावाच्या संस्थेत चित्रकार, नट, गवई, वादक यांना नाममात्र भाड्यात काम करायला जागा मिळत असे. गायतोंडे यांना तिथे खोली होती. समोर समुद्र. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली, आणि १९७२च्या सुमारास मुंबई सोडून ते दिल्लीला निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या एका लहानशा जागेत राहायला गेले. लग्न केले नाही, गोतावळा ठेवला नाही. झेन पंथाचा विचार, जे. कृष्णमूर्ती, आणि खेतवाडीतल्या माळ्यावर बसून साध्या मराठीत अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज, यांच्याकडे त्यांचा ओढा होता.

एवढे चरित्र पुरे. ते रंगवीत कसे, ते अधिक पाहण्यासारखे आहे.

कुंचला हे त्यांचे मुख्य हत्यार राहिले नव्हते. घराला रंग देणाऱ्या कामगाराकडे असतो तसला रोलर, आणि रंग कालवायची पातळ, लवचिक सुरी, ही त्यांची साधने. कॅनव्हासवर तैलरंगाचा एक अगदी पातळ थर द्यायचा. आता तैलरंगात तेल असते ते बहुधा जवसाचे. आपल्या शेतातले जवस. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते, आणि त्याला काही दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तेव्हा घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. पहिला थर कितपत सुकला याचा अंदाज घ्यायचा, मग त्यावर दुसरा. कुठे सुरीने ओला रंग ओढून काढायचा म्हणजे खालचा रंग उघडा पडतो. कुठे कागदाचे फाडलेले तुकडे रंगासकट कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलून घ्यायचे; त्यांचा ठसा राहतो, कधी अक्षरासारखा, कधी दगडावरच्या शेवाळासारखा. म्हणजे रंग चढविण्याइतकेच रंग काढून घेण्याला महत्त्व.

मग बसून राहायचे. तासन्‌तास. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच चित्रे पुरी होत. बाकीचा वेळ काय केले, असा हिशेब एखाद्या कचेरीने मागितला असता तर त्यांना देता आला नसता. आपल्या कुणब्याला मात्र हा हिशेब कळेल. आवण लावून झाली की पुढचे कितीतरी दिवस तो बांधावर उभा राहून नुसता पाहतच असतो, आणि त्या पाहण्याला आपण रिकामपण म्हणत नाही.

थर पातळ असतात म्हणून आणखी एक गोष्ट होते. खिडकीतला उजेड वरच्या थरातून आत शिरतो आणि खालच्या थरावर आपटून परत येतो. त्यामुळे चित्र आतून उजळल्यासारखे दिसते, आणि उजेड बदलला की चित्रही बदलते. छापील पुस्तकात हे येत नाही. कागदावरची शाई सगळीकडे सारखीच सपाट, तिला खालचा मजलाच नाही. मी स्वतः गायतोंडे प्रथम पाहिले ते छापील पानावर, आणि सरळ सांगतो, पान उलटून पुढे गेलो. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचे दालन २०११ साली उघडले, तिथे मूळ चित्र पाहिले. कल्याणची गाडी चुकली त्या दिवशी.

निकल्सन हे कापसाचे व्यापारी. १९६८ साली त्यांनी पहिले चित्र विकत घेतले आणि मग मरेपर्यंत घेत राहिले. चित्रकार गायतोंडे आणि संग्राहक निकल्सन दोघेही २००१ सालीच गेले. पण मूळ चित्रांबरोबर राहण्याचा मला सगळ्यांत आवडणारा दाखला निकल्सन यांचा नाही, डॉ. होमी भाभा यांचा आहे. भाभा अणुशास्त्रज्ञ, आणि स्वतः चांगली चित्रे काढणारे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी राहत होती तेव्हा बांधकामाच्या खर्चातील शंभरातला एक रुपया चित्रे आणि शिल्पे यांसाठी खर्च करायची परवानगी त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळविली. त्यात गायतोंडे यांचीही चित्रे आली. ती तिजोरीत गेली नाहीत. शास्त्रज्ञ ज्या मार्गिकांतून चहाला आणि जेवायला जातात तिथे लागली. गणित सुटत नाही म्हणून येरझारा घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती पडून राहिली. मला वाटते, चौकाखाली झोपणाऱ्या वारली कुटुंबानंतर चित्राला इतके चांगले बिऱ्हाड क्वचितच मिळाले असेल.

आता गुरुजींचा दुसरा प्रश्न, फसवणुकीचा. इथे पैशाची गोष्ट काढावीच लागते. १९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईत क्रिस्टीज या परदेशी कंपनीने भारतातला आपला पहिला लिलाव केला. त्यात गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडा मोठा होता आणि चित्र टपाल तिकिटाएवढे. शिक्षकांच्या खोलीत आमच्याकडे चर्चा झाली ती अर्थात आकड्याची. एक सहकारी म्हणाले, "एवढ्या पैशात तर तालुक्याच्या सगळ्या शाळांची कौलं बदलून झाली असती." खोटे नव्हते. पण चित्रकाराला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती, आणि हयातीत ते राहिले होते त्या गच्चीवरच्या खोलीत. हा आकडा चित्राविषयी काही सांगत नाही. तो बाजाराविषयी सांगतो. त्यावरून चित्र थोर ठरविणे जितके भोळेपणाचे, तितकेच त्यावरून चित्राला लबाडी म्हणणेही.

फसवणूक होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. आकृती नाही म्हणजे चूक दाखविता येत नाही, हा आडोसा घेऊन पुष्कळ रिकामे रंग आज दालनांतून आणि नव्या इमारतींच्या दिवाणखान्यांतून लागलेले आहेत. सोफ्याच्या कापडाला जुळणारे अमूर्त चित्रही मिळते म्हणे! त्याची पारख करायला माझ्यापाशी शास्त्र नाही, एक अडाणी उपाय आहे. चित्राबरोबर महिनाभर राहावे. रिकामे चित्र आठवड्यात संपते. मग ते दिसेनासे होते, दिनदर्शिकेसारखे.

गायतोंडे यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला निर्णायक वाटते. १९८४ साली त्यांना मोठा अपघात झाला. त्यानंतर मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर चालविण्याइतके बळ बराच काळ राहिले नाही. त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. पुढे पुन्हा तैलरंगाकडे वळले, पण फार थोडे. कोणी विचारले तर ते सांगत, की चित्रे मनात चालूच आहेत, ती हाताने उतरविलीच पाहिजेत असे नाही. मागणी वाढत होती, १९८९ साली कालिदास सन्मान मिळाला होता. ज्याला लोकांना फसवायचे असते तो अशा वेळी दोन हाताखालची पोरे ठेवतो आणि माल काढतो. यांनी तसे केले नाही. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही. सही आणि साल मागच्या बाजूला. 'अमूर्त' हा शब्दसुद्धा त्यांना मान्य नव्हता. माझे चित्र कशाचे तरी रूप मोडून केलेले नाही, ते कुठल्याच वस्तूचे नाही, असा त्यांचा आग्रह होता. 'वस्तुनिरपेक्ष' म्हणावे फार तर. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले आणि सतीश नाईक यांनी २०१६ साली मराठीत त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ काढला, हे सगळे नंतरचे.

आता माझ्या घरचे सांगतो आणि आटोपतो.

आमच्याकडचे चित्र अर्थातच गायतोंडे यांचे नाही. ठाण्यातल्या एका लहानशा प्रदर्शनात एका शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी काढलेले. करड्या, मातकट रंगाचा पट्टा, आणि एका बाजूला काव फुटल्यासारखी तांबूस फट. नऊ हजार रुपये, तीन हप्त्यांत. मी का घेतले ते आजही नीट सांगता येणार नाही. बायकोने विचारले, "हे पुरं झालंय का?" शेजारचे काका आले, त्यांनी मान तिरपी करून पाहिले आणि म्हणाले, "उलटं तर नाही ना लावलंत?" आम्ही हसलो. चार महिन्यांनी चित्रकार स्वतः चहाला आले. काही बोलले नाहीत. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "सर, रागावू नका," आणि आत येऊन चित्र फिरवून लावले. काका खरे ठरले! त्यानंतर काही दिवस मला त्या चित्राचा राग आला होता. उलट काय आणि सुलट काय, असे असेल तर आपण चार महिने पाहिले काय? पण फिरविल्यावर ते मला खुपू लागले, म्हणजे चार महिन्यांत डोळ्याने काहीतरी धरून ठेवले होते खास. फट डावीकडून उजवीकडे गेली होती आणि सकाळी सातच्या उन्हात ती आधी दिसे तशी दिसेना. हे कळायला मला चित्र उलटे लावावे लागले.

माझी आई शहापूरकडच्या गावात संसार करून म्हातारपणी आमच्याकडे आलेली. तिने त्या चित्राविषयी वर्षभर अवाक्षर काढले नाही. एकदा दुपारी लसूण सोलत बसली होती, आणि एकदम म्हणाली, "अरे, ही सारवलेली भिंत आहे. अर्धी वाळलेली. इथपर्यंत ओली आहे, बघ, आणि इथे हात असा वळलाय." तिने हात हवेत फिरवून दाखविला. सारवताना बोटे शेवटी जशी आत वळतात, तसा. मी जवळ जाऊन पाहिले. सुरीने रंग ओढलेला माग खरोखरच तिथे त्या वळणाने गेला होता. "चित्रकारानं भिंत काढलीय का, आई?" मी विचारले. "भिंत कशाला काढेल तो," ती म्हणाली, "पण हात तसा फिरलाय."

ज्या बाईने पन्नास वर्षे शेणामातीच्या भिंतीवरून हात फिरविला तिला एकावर एक थर वाचता आले. मला गायतोंड्यांवरचे लेख वाचूनही आले नव्हते.

म्हणून गुरुजींना मी उत्तर पाठविले ते असे. पुन्हा मुले न्याल तेव्हा दहा दालने दाखवू नका. एकाच चित्रासमोर दहा मिनिटे जमिनीवर बसवा. 'हे काय आहे' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा: आधी कोणता रंग दिला असेल, नंतर कोणता? कुठे खरवडले आहे? कुठे हात थांबला? ज्या मुलांच्या घरी अजून सारवण होते ती आधी बोलतील, असा माझा कयास आहे. आणि एकदम अमूर्ताची धास्ती वाटत असेल तर आधी डोंबिवलीला उतरा. कल्याणचे सुपुत्र शिल्पकार सदाशिव साठे, गेटवे ऑफ इंडियाजवळचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडविला ते भाऊ साठे, २०२१ साली वारले. त्यांनी उभारलेले शिल्पालय इथे आहे. तिथे माणसे ओळखू येतात. ओळख पटल्यावरही मुलांना थोडे थांबवून ठेवा, म्हणजे अंगठ्याने माती दाबल्याच्या खुणा दिसायला लागतात, आणि मग पुढचे सोपे जाते.

मूळ चित्र घरात ठेवायचे म्हणजे त्याची उस्तवारही आली, तेही गुरुजींनी विचारले आहे. आमच्या भागातला पावसाळा चित्राचा वैरी. चार वर्षांपूर्वी आमच्या इमारतीची गच्ची गळली, भिंतीत पाणी उतरले आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले. मी घाबरून ओले फडके घेतले होते, बायकोने हात धरला म्हणून वाचलो. चित्रकार आले, त्यांनी कोरड्या, मऊ कुंचल्याने बुरशी झाडली, चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटविले, म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर हवा खेळती राहते. ऊन थेट लागू द्यायचे नाही, ओले फडके लावायचे नाही, उदबत्ती खाली लावायची नाही. एवढेच पथ्य. कोपऱ्यात एक डाग मात्र राहिला आहे. तो काढू का, असे त्यांनी विचारले होते. राहू द्या म्हणालो.

यंदा गच्ची पुन्हा गळली. चित्र सध्या पुस्तकांच्या कपाटावर, फळीला टेकून ठेवले आहे. भिंतीवर ते होते तेवढा चौकोन फिकट दिसतो, त्याच्या कडेने ओल चढत आली आहे, आणि आई दुपारी खुर्ची तिकडेच करून बसते. भिंत सुकली का, असे मी रोज हात लावून पाहतो. अजून सुकलेली नाही.